‘ओसाड’ हा शब्द मी मागे घेते : लाँगरीचच्या लेखावरील प्रतिक्रियेला उत्तर

स. न. वि. वि.

ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड राज्यात लाँगरीच नावाचे गाव आहे. तेथील ‘ऑस्ट्रेलियन स्टॉकमन्स हॉल ऑफ फेम’ या गुराख्यांच्या संग्रहालयावर मी लिहिलेल्या लेखाला आपण सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल आभार. आपले म्हणणे असे, की बळकावलेल्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या गोऱ्या वसाहतवाल्यांच्या कौतुकाचे ते देऊळ आहे आणि मी तिकीट काढून तिथला अंगारा लावून आले. मूळ रहिवाशांचा उल्लेख लेखात एका वाक्यात उरकला आहे, चाबकाच्या खेळाला मात्र दोन परिच्छेद दिले आहेत, असेही आपण दाखवून दिलेत. मराठी वाचकाला या सगळ्याशी काय देणेघेणे, हा आपला तिसरा मुद्दा. सर्वांत जास्त आपल्याला खटकला तो माझा एक शब्द, ‘ओसाड’. ‘या धाडसी माणसांनी ओसाड मुलखात संसार थाटले’, असे मी लिहिले होते.

त्या शब्दापासूनच सुरुवात करते, कारण तिथे आपले पूर्णपणे बरोबर आहे. लाँगरीचचा परिसर हा इनिंगाई लोकांचा मुलूख. मेंढ्यांचे पहिले कळप तिथे आले तेव्हा तो रिकामा नव्हता. तो रिकामा दिसतो तो तिथे कसे जगायचे हे ठाऊक नसणाऱ्याला. याचे सर्वांत बोलके उदाहरण बर्क आणि विल्स या गोऱ्या शोधप्रवाशांचे आहे. ऑगस्ट १८६० मध्ये मोठा गाजावाजा करून मेलबर्नहून निघालेली त्यांची मोहीम खंड ओलांडून उत्तर किनाऱ्याजवळ पोहोचली खरी, परंतु परतताना कूपर्स क्रीकच्या काठी, १८६१ च्या हिवाळ्यात, दोघांनीही प्राण सोडले. त्याच काठावर यांद्रुवांधा लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. नार्डू नावाची पाणथळ जागी वाढणारी एक वनस्पती आहे. तिची बीजफळे गोळा करून, दळून ते त्याची भाकरीसारखी पोळी करीत. गोऱ्यांनी ते पाहिले आणि तसेच पीठ दळून खाल्ले, तरीही दिवसागणिक त्यांच्या पायांतले बळ जात राहिले. नार्डूमध्ये शरीरातले ‘ब-१’ जीवनसत्त्व नष्ट करणारे एक द्रव्य असते. स्थानिकांच्या रीतीने नीट प्रक्रिया केली तर त्याचा उपद्रव टळतो, आणि नेमकी तीच पायरी या मंडळींकडून चुकली असावी, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. त्यांचा तिसरा सोबती जॉन किंग मात्र यांद्रुवांधांच्या आश्रयाला गेला, त्यांनी त्याला खाऊ घातले, आणि सप्टेंबरात शोधपथकाला तो जिवंत सापडला. हे सारे मला ठाऊक असूनही मी ‘ओसाड’ लिहिले, ही सवयीने झालेली चूक आहे आणि लेखातून तो शब्द मी काढला आहे.

आता देवळाचा मुद्दा. येथे मी आपल्याशी निम्मीच सहमत आहे. या संग्रहालयाची कल्पना ह्यू सॉरी या चित्रकाराची. चित्रकार होण्यापूर्वी तो स्वतः गुरांमागे राबलेला माणूस होता, आणि १९७४ मध्ये त्याने हा ध्यास घेतला तो जमीनमालकांचे स्मारक व्हावे म्हणून नव्हे, तर ज्यांची नावे कुठल्याच दगडावर कोरली जात नाहीत त्या घोड्यावरच्या नोकरमाणसांची आठवण राहावी म्हणून. तिकडे ‘स्टेशन’ म्हणजे रेल्वेचे नव्हे, तर एखाद्या तालुक्याएवढे पसरलेले गुरांचे किंवा मेंढ्यांचे रान. त्याचा मालक पुष्कळदा शहरात किंवा थेट इंग्लंडात असे. स्टॉकमन हा त्या रानातला पगारी गुराखी, आणि महिनोन्‌महिने कळप हाकत शेकडो मैल दूरच्या बाजाराला नेणारा तो ड्रोव्हर. इमारतही त्याच जगातली वाटते. फायको बाऊमन या वास्तुविशारदाने पन्हळी पत्र्याच्या मोठमोठ्या कमानी एकीमागे एक अशा रचल्या आहेत, की लांबून पाहिल्यास लोकरीची गोदामे अर्धी जमिनीत रुतल्यासारखी दिसावीत.

परंतु इमारतीचे उद्घाटन झाले ते एप्रिल १९८८ मध्ये, राणी एलिझाबेथ यांच्या हस्ते. ते गोऱ्यांच्या आगमनाचे द्विशताब्दी वर्ष होते, आणि त्याच वर्षी २६ जानेवारीला सिडनीत हजारो मूळ रहिवासी व त्यांचे समर्थक निषेध करीत रस्त्यावर उतरले होते. राबणाऱ्याच्या स्मारकाला राणीचा हात लागावा, हा विरोधाभास माझ्या लेखात यायला हवा होता. आपण विचारले नसते तर तो सुचलाही नसता, हे कबूल करते.

आपली टीका मला खरी बोचली ती याच्या पुढच्या टप्प्यावर, आणि तिथे आपण म्हणता त्याहून गोष्ट अधिक गंभीर आहे. मूळ रहिवाशांना संग्रहालयात जागा नाही, असे आपण गृहीत धरले आहे. जागा आहे. त्यांचा इतिहास तिथे आहे आणि गुराख्यांमध्ये त्यांचे चेहरेही आहेत. उत्तर ऑस्ट्रेलियातील गुरांचा धंदा त्यांच्या जिवावरच चालला, हे आता कोणी नाकारत नाही. प्रश्न चेहऱ्यांचा नाही, पगाराचा आहे. क्वीन्सलंडमध्ये १८९७ च्या कायद्याने सरकार मूळ रहिवाशांचे ‘संरक्षक’ बनले, आणि पुढे कित्येक दशके त्यांच्या मजुरीचा मोठा भाग त्यांच्या हाती न पडता सरकारी खात्यात जमा होत राहिला. स्वतःच्या कष्टाच्या पैशांतून जोडा घ्यायचा तरी अधिकाऱ्याची परवानगी लागे. त्या न मिळालेल्या मजुरीचा सामुदायिक दावा मिटला २०१९ मध्ये, १९ कोटी डॉलरवर, आणि तोवर ज्यांचे पैसे होते त्यांच्यापैकी कितीतरी जण हयात नव्हते.

शेजारच्या नॉर्दर्न टेरिटरीतली गोष्ट तर अधिक प्रसिद्ध आहे. तिथल्या वेव्ह हिल स्टेशनवर, व्हेस्टी या ब्रिटिश कंपनीच्या रानात, ऑगस्ट १९६६ मध्ये व्हिन्सेंट लिंगियारी यांच्या नेतृत्वाखाली गुरिंदजी या मूळ रहिवासी समाजातल्या सुमारे दोनशे स्त्रीपुरुषांनी काम सोडले आणि ते सरळ चालू लागले. त्याच वर्षी लवादाने त्यांच्यासारख्या गुराख्यांना गोऱ्यांइतकाच पगार देण्याचा निर्णय दिला होता, परंतु अंमलबजावणीला डिसेंबर १९६८ ची मुदत दिली. ती उजाडली तेव्हा अनेक मालकांनी समान पगार देण्याऐवजी माणसेच काढून टाकली. दरम्यान गुरिंदजींची मागणी पगारावरून जमिनीवर आली होती. १९७५ मध्ये पंतप्रधान गॉफ व्हिटलॅम यांनी जमीन परत केल्याची खूण म्हणून लिंगियारी यांच्या ओंजळीत मूठभर लाल माती ओतली, ते छायाचित्र आपण कदाचित पाहिले असेल. ‘स्टॉकमन’ या शब्दाभोवतीचे हे सारे बाजूला ठेवून मी टोपी, खोगीर आणि धुळीचे वर्णन केले. दोष संग्रहालयाचा असेल तितकाच माझ्या नजरेचाही आहे.

चाबकाच्या खेळाला आपण ‘सर्कस’ म्हटले आहे. तिथे मात्र मी हटणार नाही. कांगारूच्या कातड्याच्या बारीक वाद्या विणून केलेला तो चाबूक मुठीशी जाड आणि शेवटाकडे निमुळता होत जातो. हाताच्या एका झटक्याने निघालेली लाट पुढे सरकताना इतका वेग घेते, की टोकाची दोरी आवाजाचा वेग ओलांडते आणि बंदूक उडाल्यासारखा बार होतो. तो चाबूक गुरांच्या पाठीवर ओढायचा नसतो, हवेत वाजवायचा असतो. शेकडो गुरांच्या कळपाला वळवायला तेवढा आवाज पुरतो. एखाद्या कसबाकडे जवळून पाहणे म्हणजे त्या कसबावर पोसलेल्या व्यवस्थेला नमस्कार करणे नव्हे. दोन परिच्छेद जास्त झाले असतील, पण ते मी कापणार नाही.

लोकर कातरण्याच्या कसबाचेही तेच. लाँगरीचपासून दोनशेएक किलोमीटरवरच्या ब्लॅकॉल गावाजवळ, अॅलिस डाउन्स स्टेशनवर, १० ऑक्टोबर १८९२ रोजी जॅकी हाव या कामगाराने हातकातरीने ७ तास ४० मिनिटांत ३२१ मेंढ्या कातरल्या. म्हणजे एका मेंढीला दीड मिनिटही नाही. धडपडणारे जनावर गुडघ्यांत दाबून, कातडीला धक्का न लावता, अंगावरची लोकर एकसंध घोंगडीसारखी उतरवायची! आमच्याकडे भादरणे म्हणतात ते याच्यापुढे सावकाशीचे काम. या कामगारांनी १८९१ मध्ये मोठा संप केला, बारकाल्डिन गावाजवळ छावण्या टाकल्या, सरकारने सैनिक पाठवले आणि पुढाऱ्यांना तुरुंगात डांबले. ऑस्ट्रेलियातल्या मजूर पक्षाची मुळे या संपात शोधली जातात. मात्र याच कामगारांना रानावर चिनी मजूर नको होते, आणि ती त्यांच्या मागण्यांपैकी एक होती. ‘शोषक’ आणि ‘शोषित’ अशा दोन रांगा लावून आपण हा इतिहास मांडता, तेव्हा हे लोक कोणत्या रांगेत उभे करायचे, हे मला खरोखरच उमगत नाही.

बायकांविषयी आपण काही लिहिले नाही, पण मी पुरवणी जोडते. सर्वांत जास्त वेळ मी थांबले ती फळ्यांच्या एका झोपडीपाशी. अशा घरांत बर्फ नसताना अन्न टिकवायला जे कपाट असे, त्याला ‘कूलगार्डी सेफ’ म्हणतात. लाकडी किंवा पत्र्याचा सांगाडा, चारी बाजूंना गोणपाट, डोक्यावर पाण्याचे ताट. ताटातून कापडाच्या पट्ट्या खाली सोडलेल्या, त्यांतून पाणी झिरपून गोणपाट ओले राहते आणि वाऱ्याने आतले लोणी-मांस गार राहते. पाय पाण्याच्या डब्यांत, मुंग्या चढू नयेत म्हणून. माझ्या आजोळी जाळीच्या कपाटाचे पाय असेच पाण्याच्या वाट्यांत असत, आणि त्या वाट्या भरायचे काम आजी विसरली असे कधी झाले नाही. चाळीस अंशांवरच्या उन्हात, जिथे पाणीच मोजून वापरायचे, तिथे ते ताट भरलेले ठेवायची जबाबदारी कोणाची असेल, हे पाटीवर लिहिण्याची गरज नव्हती.

राहिला देण्याघेण्याचा प्रश्न. बर्कच्या मोहिमेसाठी १८६० मध्ये २४ उंट कराचीहून जहाजाने मेलबर्नला उतरवले गेले आणि त्यांच्याबरोबर उंटवालेही गेले. पुढच्या काही दशकांत तार, लोकर, पीठ, रेल्वेचे रूळ असे सगळे अंतर्भागात वाहून नेले ते याच लोकांनी. तिकडे त्यांना सरसकट ‘अफगाण’ म्हणत, प्रत्यक्षात त्यांच्यात बलुची, पंजाबी, सिंधी असे ब्रिटिश हिंदुस्थानातले पुष्कळ जण होते. १९०१ च्या स्थलांतर निर्बंध कायद्याने त्यांच्या भाऊबंदांना दार बंद झाले. उलट दिशेने, न्यू साउथ वेल्सच्या नावावरून ‘वेलर’ म्हटले जाणारे घोडे कलकत्ता, मद्रास आणि मुंबईच्या बंदरांत उतरत, आणि आपल्यावर राज्य करणारी फौज त्यांच्यावर स्वार होत असे. ज्या रानांतल्या घोड्यांवर आपल्या आजोबा-पणजोबांकडे येणारा साहेब बसला, त्या रानांशी आपला काहीच संबंध नाही, हे मला पटत नाही.

शेवटी आपण विचारले आहे, की आपली मुलगी ब्रिस्बेनला असते, तिच्याकडे गेल्यावर इतक्या लांब लाँगरीचला जावे का. जरूर जावे, पण तिकडच्या हिवाळ्यात, जून ते ऑगस्टमध्ये. उन्हाळ्यात गेलात तर संग्रहालयाऐवजी वातानुकूलित खोलीचे वर्णन लिहावे लागेल. ब्रिस्बेनहून ‘स्पिरिट ऑफ द आउटबॅक’ नावाची गाडी जाते. ती दिवसभराहून जास्त वेळ घेते, तरी विमानापेक्षा तीच निवडा, म्हणजे अंतर अंगाला कळते. लाँगरीचच्या आधी, सुमारे शंभर किलोमीटर अलीकडे, बारकाल्डिन लागते. तिथे स्टेशनासमोरच संपकऱ्यांच्या सभा ज्याखाली भरत ते गमचे (निलगिरीच्या जातीचे) झाड होते. २००६ मध्ये त्याला कोणीतरी विष घातले. आता त्याच जागी लाकडी ठोकळ्यांचे भव्य स्मारक टांगलेले आहे आणि मधोमध तो वठलेला बुंधा जपला आहे. संध्याकाळी दिवे लागल्यावर पाहा.