'रोज दहा फोटो काढा, डिप्रेशनची गोळी बंद करा' म्हणे!

या मथळ्याचा मेसेज आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला, तिथून मावशीच्या भजनी मंडळात गेला आणि फिरून पुन्हा माझ्याकडेच आला. फोटोग्राफीचं वेड मलाही आहे, म्हणूनच गप्प बसवेना.

आधी गोळीचं. डिप्रेशनची औषधं मनानेच एकदम बंद केली तर चक्कर येते, झोप उडते, आजार उलटूही शकतो. कमी करायची तर डॉक्टरांना विचारून, हळूहळू. बोलायला कुणी नसेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

'हॉस्पिटलातसुद्धा फोटोथेरपी देतात,' हा त्यातला पुरावा. देतात की! काविळीच्या बाळाला निळ्या दिव्याखाली ठेवतात, सोरायसिसवर अतिनील किरण देतात, ती फोटोथेरपी. तिथे फोटो म्हणजे प्रकाश. कॅमेऱ्याचा काही संबंध नाही.

'क्लिक केलं की मन हलकं होतं.' होतं कधीकधी. क्रिस्टिन डील आणि सहकाऱ्यांचे 2016 साली प्रसिद्ध झालेले प्रयोग आहेत: फोटो काढताना माणूस समोरच्या गोष्टीत जास्त गुंततो, म्हणून चांगल्या अनुभवाची मजा वाढते. पण एका आभासी सफारीत सिंह रेड्यावर तुटून पडले, तेव्हा फोटो काढणाऱ्यांना ते दृश्य इतरांपेक्षा जास्तच नकोसं झालं. म्हणजे दुःखात गुंतलात तर दुःखही वाढू शकतं. लिंडा हेन्केल यांनी 2014 मध्ये संग्रहालयातला प्रयोग मांडला. अख्ख्या वस्तूचा फोटो काढून पुढे सरकणाऱ्यांना ती वस्तू कमी आठवली, पण झूम करून एखादा भाग टिपणाऱ्यांची आठवण शाबूत राहिली. तेव्हा करामत बटणाची नाही, निरखण्याची आहे.

आणि ते जो स्पेन्सचं उदाहरण! या ब्रिटिश छायाचित्रकार बाईने 'फोटो काढून कॅन्सर पळवला' असं मेसेज छातीठोकपणे सांगतो. 1982 मध्ये तिला स्तनाचा कॅन्सर निघाला. हॉस्पिटलात एका तरुण डॉक्टरने विद्यार्थ्यांच्या घोळक्यासमोर तिच्या स्तनावर, तो काढून टाकायचा म्हणून, शाईने फुली मारली. तिचा एक फोटो आहे, त्यात स्तनावर अक्षरं आहेत: 'जो स्पेन्सची मालमत्ता?' प्रश्नचिन्हासकट. पुढे रोझी मार्टिन या छायाचित्रकार मैत्रिणीबरोबर तिने आपापल्या आईसारखे कपडे घालून, लहानपणचे प्रसंग पुन्हा उभे करून फोटो काढले. एकीने मोकळं व्हायचं, दुसरीने कॅमेऱ्यामागून साथ द्यायची. 1992 साली ती रक्ताच्या कॅन्सरने गेली. फोटोंनी तिचा आजार बरा केला नाही. फुली मारून घेणाऱ्या बाईला त्यांनी स्वतःच्या शरीराबद्दल बोलायची सोय करून दिली, आणि मला ते मोठं वाटतं.

राहिला शेवटचा मुद्दा: 'समुपदेशक कशाला, जुना अल्बम उघडा.' व्हँकुव्हरच्या मानसशास्त्रज्ञ ज्युडी वाइझर यांनी आयुष्यभर हेच काम केलं, पण त्या समुपदेशनात फोटो आणतात, समुपदेशनाऐवजी नाही. स्वतःच्या समाधानासाठी फोटो काढणं त्या वेगळं धरतात.

आई गेल्यावर तीन महिने बाबा तिच्याबद्दल अवाक्षर बोलले नव्हते. एका रविवारी अल्बम काढला. भाच्याच्या बारशाच्या फोटोत आई नव्हतीच, कडेला फक्त हिरव्या बांगड्यांचा एक हात आणि त्यात घुगऱ्यांची वाटी. मी सहज विचारलं, "हा हात कुणाचा हो?"

"तिचाच," बाबा म्हणाले. "सकाळपासून पाणीसुद्धा प्यायली नव्हती. आणि मी सगळ्यांदेखत ओरडलो, वाढायला उशीर केलास म्हणून."

त्या रात्री ते झोपले नाहीत. अल्बमने जखम उघडली होती, आणि ती बांधायची कशी ते मला येत नव्हतं. पुढच्या आठवड्यात समुपदेशक बाईंकडे निघताना त्यांनी तो फोटो अल्बममधून सोडवला आणि शर्टाच्या खिशात ठेवला.