अप्पर स्टॉलचे मानकरी

हल्ली सिनेमाचं तिकीट काढायचं म्हणजे मोबाईलवर थिएटरचा नकाशा उघडायचा आणि घरातल्या चौघांनी त्या वीतभर स्क्रीनवर डोकी आपटत भांडायचं. बायकोला कडेची खुर्ची पाहिजे, पोराला रिक्लायनर, पोरीला शेवटच्या रांगेत बरोब्बर मधोमध, आणि मला फक्त एवढंच बघायचं असतं की सगळ्यात स्वस्ताच्या एक पायरी वर काय आहे. क्लासिक, प्राइम, प्राइम प्लस असली नावं, खुर्ची तीच, रांग फक्त पुढेमागे, आणि मंगळवारी जो भाव तो शनिवारी नाही. वर पुन्हा सुविधा शुल्क, म्हणजे नेट माझं, बोटं माझी, डोकेदुखी माझी आणि सोय केली म्हणून पैसे त्यांना.

पोरं म्हणतात बाबा सरळ स्वस्तातलं घ्या नाहीतर सरळ भारीतलं घ्या, हे मधलं काय असतं तुमचं? आता यांना काय सांगायचं. हे मधलं माझं नाहीच, ते आमच्या वडिलांकडून आलंय, आणि त्याला अप्पर स्टॉल म्हणायचे.

ज्यांनी फक्त मॉल बघितलेत त्यांच्यासाठी सांगतो. खाली पडद्याला नाक लावून स्टॉल, त्यालाच कोणी पिट म्हणायचं कोणी थर्ड क्लास. त्याच्या मागे अप्पर स्टॉल, आणि जिना चढून वर बाल्कनी. मुंबईच्या मोठ्या थिएटरात ड्रेस सर्कल न् बॉक्स पण असायचे, पण आमच्या तालुक्याच्या गावात एवढी चैन नव्हती. स्टॉलला नंबर नसायचे, दार उघडलं की एसटीच्या खिडकीतून टाकतात तसे रुमाल टाकून अख्खी रांग धरायची आणि मग रुमालावरून मारामारी, ती कधीकधी पिक्चरमधल्या मारामारीपेक्षा बरी असायची. अप्पर स्टॉलला नंबर होते आणि रेक्झिनच्या खुर्च्या होत्या, रेक्झिन फाटलेलं, आतून काथ्या बाहेर आलेला. ढेकूण तिन्हीकडे. उलट बाल्कनीत गाद्या जाड म्हणून तिथले जास्त धष्टपुष्ट असं डोअरकीपर स्वतः सांगायचा.

आणि स्टॉल न् अप्पर स्टॉलच्या मध्ये काय, तर कमरेएवढा एक लाकडी कठडा. बस. कठड्याच्या पुढच्या खुर्चीवरून जो पिक्चर दिसायचा तोच मागच्या खुर्चीवरून दिसायचा, पण वडिलांच्या लेखी तो कठडा म्हणजे गावातली आमची इज्जत. स्टॉलला बसलो तर ऑफिसातला शिपाई शेजारी यायचा, बाल्कनीत बसलो तर साहेब शेजारी यायचा आणि दुसऱ्या दिवशी विचारायचा, काय हो, वरकमाई जोरात दिसते! मग राहतं काय? अप्पर स्टॉल. तिथे सगळे आमच्यासारखेच, मास्तर, तलाठी, पोस्टातले, बँकेतले, सगळे एकमेकांना बघून न बघितल्यासारखे.

हे वर्ग पाडायची आयडिया कोणाची म्हणून एकदा मी हट्टाला पेटून वाचायला घेतलं तर कळलं की सिनेमा भारतात उतरल्या उतरल्याच हे सुरू झालंय. ७ जुलै १८९६ ला मुंबईत वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या माणसानं पहिला खेळ केला तेव्हा सरसकट तिकीट एक रुपया, सगळे एका भावात. पुढच्याच आठवड्यात खेळ नॉव्हेल्टी थिएटरात गेला आणि जुलै संपायच्या आत चार आण्यांपासून दोन रुपयांपर्यंत वेगवेगळे दर, शिवाय पडदानशीन बायकांसाठी न् त्यांच्या घरच्यांसाठी राखीव बॉक्स! म्हणजे पडद्यावरची चित्रं नुसती हलत होती, गोष्ट बिष्ट काही नव्हती, फिती मिनिटा-मिनिटाच्या, पण कोणी कुठं बसायचं हे आधी ठरलं. मला तर वाटतं तेव्हाही एखादा कारकून खिडकीशी उभा राहून विचारत असणार, की चार आण्याच्या वरचं काय आहे हो?

त्यात सिनेमावाल्यांनी नाटकाचा हिशोबच उलटा केला. नाटकाला पहिली रांग सगळ्यात महाग, सिनेमाला सगळ्यात स्वस्त. कारण साधं आहे, नाटकात नटाचा चेहरा दिसायला पुढे बसावं लागतं आणि सिनेमात तोच चेहरा दोन मजले उंच असतो, पुढे बसलं की मान मोडते. हे आमच्या आत्याला मान्य नव्हतं. आत्या पक्की नाटकवाली, संगीत नाटकं पहिल्या रांगेत बसून बघितलेली. आमच्याकडे आली तेव्हा वडिलांना म्हणाली, दादा, मला पुढचं तिकीट काढ, पैशाकडे बघू नकोस. वडिलांनी खरंच पैशाकडे बघितलं नाही, कारण बघण्यासारखे लागतच नव्हते! आत्याला दिली कोपऱ्यातली पुढची खुर्ची आणि आम्ही कठड्यामागे. पिक्चर सिनेमास्कोप, कोपऱ्यातून हिरो काठीसारखा दिसायचा आणि खलनायक जवळ आला की नुसत्या नाकपुड्या. बाहेर आल्यावर आत्या मान धरून म्हणाली, नट बरे होते, पण सगळेच फार खंगलेले वाटले.

तिकीट काढणं हा वेगळाच अध्याय. लोखंडी पाइपांची गल्ली, एका वेळी एकच माणूस मावेल एवढी, शेवटी जाळी आणि जाळीला हात जाईल एवढं भोक. त्यात मुठीत पैसे धरून हात घालायचा, आत बसलेला ती मूठ उघडायचा, पैसे घ्यायचा, पातळ कागदाचं गुलाबी नाहीतर पिवळं तिकीट कोंबायचा आणि हात बाहेर येताना मनगट सोलायचं. आतला माणूस कसा दिसतो हे गावात कोणाला माहीत नव्हतं. बायकांची खिडकी वेगळी आणि तिथं गर्दी कमी, म्हणून आईला पुढे काढायचे. तर आई रांगेत उभी राहिली की ओळखीचे-अनोळखी सगळे दीर जमा, वहिनी आमची पण दोन घ्या ना, वहिनी आमची तीन. आई एरवी भाजीवाल्याशी पण जास्त बोलायची नाही, पण त्या खिडकीशी डझनभर लोकांचा हिशोब तोंडी ठेवायची आणि सुट्टे परत द्यायची.

तिकिटावर दर वेगळा आणि करमणूक कर वेगळा छापलेला असायचा आणि वडील तो कर मोठ्यानं वाचून दाखवायचे, अगदी राष्ट्रगीतासारखं उभं राहून. मुंबई इलाख्यात हा कर १९२३ पासूनचा, म्हणजे इंग्रज गेले तरी तो कठड्याला टेकून उभाच. २०१७ ला जीएसटी आला तेव्हा वाटलं आता सगळं सरसकट होईल, तर तिथं पण शंभर रुपयांवर कठडा घातला! शंभरापर्यंतच्या तिकिटाला १८ टक्के आणि वरच्याला २८. २०१९ ला ते १२ आणि १८ झालं आणि सप्टेंबर २०२५ पासून ५ आणि १८. आता मॉलमध्ये शंभराच्या आतलं तिकीट दाखवा म्हणावं, मी आत्याला घेऊन येतो.

आणि ते गर्दी बघून भाव बदलणं म्हणे नवीन टेक्नॉलॉजी आहे. अहो, आमच्या थिएटरबाहेर पानपट्टीला टेकून एक जण उभा असायचा, ओठ न हलवता दोन का पाच, दोन का पाच म्हणणारा. तोच तर करायचा हे. हाऊसफुल्लची पाटी लागली की त्याचा भाव वर, पाऊस आला की खाली, आणि कुठल्याही सर्व्हरशिवाय. ही कला पण जुनीच, १४ मार्च १९३१ ला मुंबईच्या मॅजेस्टिकला 'आलम आरा' लागला तेव्हा चार आण्याचं तिकीट चार-पाच रुपयांना गेल्याचं सांगतात. चार आण्याचे चार रुपये! कुठल्या ॲपची आहे का हिंमत?

फक्त ब्लॅकवाल्याचा एक वीक पॉइंट होता आणि तो वडिलांनी बरोबर हेरला होता. आत पिक्चरआधीची सरकारी बातम्यांची फीत, इंडियन न्यूज, सुरू झाली, कुठल्या तरी धरणाचं उद्घाटन चाललंय, की बाहेर त्याच्या हातातल्या उरलेल्या तिकिटांची रद्दी व्हायला लागायची. तेव्हा वडील आम्हाला सायकल स्टँडशी उभं करून शांतपणे त्याच्याकडे जायचे. एकदा अशी चक्क बाल्कनीची तिकिटं मिळाली, अप्पर स्टॉलच्या भावात. आई जिना चढताना पदर नीट करत होती, मी आरशात भांग बघितला, वडिलांची चाल बदलली होती. अर्धा पिक्चर आम्ही ताठ बसून बघितला.

इंटरव्हलला वडील उठले. बाल्कनीच्या कँटीनला चहा महाग, म्हणून ते जिना उतरून खाली स्टॉलच्या कँटीनला गेले आणि निवांत कटिंग पिऊन वर यायला लागले तर डोअरकीपरनं जिन्यातच अडवलं. अर्धी फाडलेली तिकिटं आईच्या पर्समध्ये. वडील म्हणतायत मी बाल्कनीचा आहे, तो वरपासून खालपर्यंत बघून म्हणतोय, साहेब, तुम्हाला मी ओळखतो, तुम्ही अप्पर स्टॉलचे. शेवटी एक गाणं आणि एक कोर्टाचा सीन गेल्यावर आई अंधारात चाचपडत दाराशी आली आणि म्हणाली, सोडा हो, आमचेच आहेत ते.