तळणीच्या तेलावरचे विमान आणि ‘कार्बनशून्य’ तिकीट

दिवाळीचा फराळ आटोपल्यावर आमच्या मावशीने चकल्या तळून उरलेले तेल गाळून बरणीत भरले आणि ‘हे आता विमानाला लागते’ असे मला ऐकवले. तेल मोरीत न ओतण्याची तिची सवय चांगलीच आहे. माझा राग आहे तो तिला व्हॉट्सॲपवर आलेल्या संदेशावर. विमाने आता वापरलेल्या खाद्यतेलावर उडतात, पुणे–दिल्ली उड्डाणाने ते सिद्ध झाले आहे, नवी विमाने इंधन कमी पितात, तिकिटाबरोबर झाडांसाठी थोडे पैसे भरले की प्रवास ‘कार्बनशून्य’ होतो आणि एवीतेवी जगाच्या कार्बन प्रदूषणात विमानांचा वाटा दोनच टक्के आहे, असे त्यात म्हटले आहे. मावशीने तो संदेश घरच्या गटात टाकून खाली ‘आता निर्धास्त फिरा’ असे लिहिले, म्हणून हा खटाटोप.

पुणे–दिल्ली उड्डाण खरेच झाले होते. १९ मे २०२३ रोजी एअर एशिया इंडियाच्या त्या विमानात पुण्याच्याच प्राज इंडस्ट्रीजने तयार केलेले जैवइंधन होते. पण ते नेहमीच्या इंधनात एक टक्क्यापर्यंतच मिसळलेले होते, ही गोष्ट संदेशकर्त्याने सोयीस्करपणे गाळली. २०२४ साली जगभरात तयार झालेल्या विमान इंधनात अशा पर्यायी इंधनाचा वाटा सुमारे ०.३ टक्के होता. शिवाय हे इंधन जळतानाही धुराड्यातून कार्बन डायऑक्साइड जवळजवळ तेवढाच बाहेर पडतो. फायदा इतकाच, की त्यातला कार्बन जमिनीखालून उपसलेला नसून वनस्पतींनी हवेतूनच घेतलेला असतो.

संदेशातला सर्वांत घातक मुद्दा झाडांचा आहे, कारण तो माणसाला पैसे भरून निश्चिंत करतो. एक किलो विमान इंधन जळले की हवेतला प्राणवायू त्यात मिसळून सुमारे ३.१६ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो, आणि दिल्ली गाठेपर्यंत, म्हणजे दोन तासांत, तो हवेत जाऊन मोकळा झालेला असतो. तेवढाच वायू शोषायला रोपाला कित्येक वर्षे लागतात. तेही ते रोप जगले, वणव्यातून वाचले आणि कोणी तोडले नाही तर. हे माझे वैयक्तिक मत समजून कोणी सोडून देऊ नये. केएलएम या डच विमान कंपनीच्या अशाच जाहिरातींविरुद्ध ‘फॉसिलव्राय’ या डच पर्यावरणवादी संस्थेने दावा लावला होता, आणि २० मार्च २०२४ रोजी ॲम्स्टरडॅमच्या न्यायालयाने तपासलेल्या १९ विधानांपैकी १५ दिशाभूल करणारी ठरवली. वृक्षलागवड आणि पर्यायी इंधन यांमुळे पर्यावरणाची हानी थोडीशीच कमी होते, तरीही कंपनीने फारच गुलाबी चित्र रंगवले, असे न्यायालयाचे म्हणणे होते. ज्या दाव्यांवर खुद्द विमान कंपनी न्यायालयात तोंडघशी पडली, ते आपण शुभेच्छांच्या चित्रांबरोबर पुढे ढकलत आहोत.

नव्या विमानांबद्दलचे वाक्य मात्र, नाइलाजाने का होईना, मान्य करावे लागते. ए३२० निओसारखी विमाने आधीच्या पिढीच्या तुलनेत साधारण १५ टक्के इंधन वाचवतात, आणि धावपट्टीकडे जाताना एकच इंजिन चालवण्यासारख्या युक्त्यांनीही थोडी भर पडते. फक्त, उड्डाणेच वाढत गेली की ही बचत त्यांतच गडप होते.

राहता राहिले ते दोन टक्के. कार्बन डायऑक्साइडपुरता तो आकडा अडीचच्या आसपास आहे. विमानामागे उमटणाऱ्या पांढऱ्या रेषांचे ढग आणि नायट्रोजनची संयुगे धरली तर माणसाने घडवलेल्या तापमानवाढीत विमानांचा वाटा साडेतीन टक्क्यांच्या घरात जातो. त्यातही २०१८ मध्ये जगातल्या जेमतेम ११ टक्के लोकांनी विमानप्रवास केला, असा एका अभ्यासाचा अंदाज आहे. आमच्या घरच्या गटात मात्र वर्षातून दोनदा तरी विमानात बसणारे निम्म्याहून अधिक आहेत, आणि मावशीच्या संदेशाला सर्वांत आधी पसंतीचा अंगठा टाकला तो त्यांनीच.