गोल्फ कार्टच्या एक स्टार रिव्ह्यूला गॅरेजमालकाचं उत्तर

साहेब, नमस्कार. गॅरेज माझं, चूकही माझी, म्हणून उत्तर पोट्ट्याला लिहायला न लावता मीच लिहितो.

तुम्ही लिहिलं की पेट्रोलवरची गोल्फ कार्ट दोनदा दिली, दोनदा पैसे घेतले, तरी तिसऱ्या दिवशी सहा पाहुणे बसलेले असताना ती चढावर बंद पडली. वरून मेकॅनिक पेट्रोलवर ढकलतो, आणि या भानगडीत बॅटरीही उतरली. यातलं अर्धं मला मान्य आहे. कोणतं अर्धं ते इथेच सांगतो, कारण मोहर्ली रस्त्यावरच्या दोन रिसॉर्टवाल्यांनी वाचून मला फोन केले, आणि त्यांच्याकडेही अशाच जुन्या कार्ट आहेत.

पहिलं बिल १,२०० रुपयांचं. ते मी परत करणार नाही. ताडोबा जंगलाचा कोर, म्हणजे आतला भाग, १ जुलैला पर्यटकांना बंद झाला तेव्हा तुमची कार्ट अर्ध्या टाकीसकट शेडमध्ये लागली आणि सप्टेंबर संपल्यावरच बाहेर निघाली. आता पंपावर २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळते. इथेनॉल हवेतला ओलावा ओढते, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात ओलाव्याला काय तोटा. पेट्रोलमधला हलका भाग उडून जातो, मागे डिंकासारखा चिकटा राहतो. कार्बोरेटर म्हणजे इंजिनला पेट्रोल-हवा मिसळून देणारा भाग; त्याची वाटी उघडली तेव्हा तुम्ही समोर होते. मेन जेट, म्हणजे पेट्रोल जायचं बारीक भोक असलेला तुकडा, उन्हाकडे धरून दाखवला, पलीकडचा उजेड दिसत नव्हता. जेट साफ केला, फिल्टर बदलला. पेट्रोलला दोष तेव्हाही दिला, आताही देतो.

चुकलो ते त्याच्या पुढे. साफ केल्यावर कार्ट अर्धा तास चालवून पाहिली, मस्त चालली. पण कशावर चालवली? खिळ्याला टांगून थेट कार्बोरेटरला जोडलेल्या माझ्या पेट्रोलच्या बाटलीवर. ही फटफटीवाल्या मेकॅनिकची सवय आहे. फटफटीची टाकी वर असते, पेट्रोल आपोआप खाली उतरते. कार्टची टाकी सीटखाली, कार्बोरेटरपेक्षा खाली, म्हणून तिथे पेट्रोल ओढून वर न्यावं लागते. ते काम एक लहानसा पंप करतो. त्याला वायरही नसते. इंजिनच्या पोटातली हवा मागेपुढे होते, त्या धक्क्यावर आतला पातळ पडदा हलतो. मी बाटली लावली तेव्हा टाकी, नळी, पंप, सगळंच बाजूला राहिलं. म्हणजे ज्याची तपासणी करायची तेच सोडून मी गाडी पास केली.

दुसऱ्यांदा रस्त्यात बंद पडली तेव्हा मी आलो. प्लग काढून पाहिला, ठिणगी चांगली, पण प्लग कोरडा. वाटीखालचा स्क्रू सैल केला तर चार थेंब पडले. म्हणजे पेट्रोल वरपर्यंत पोचतच नव्हतं, हे बरोबर ओळखलं. आणि लगेच पंप बदलला, १,८५० रुपये. घाई झाली. पंपाचा पडदा फाटला की इंजिनकडून येणाऱ्या बारक्या नळीत पेट्रोल उतरते; ती नळी काढून पाहायला दोन मिनिटं लागली असती. नंतर पाहिली, कोरडी ठणठणीत. जुना पंप दुसऱ्या इंजिनवर लावून डब्यात पेट्रोल काढून पाहिलं, धार बरोबर येते. तुमचा पंप बिघडलाच नव्हता.

खरी गोष्ट रविवारी संध्याकाळी समजली. तुमच्या ड्रायव्हरला बाजूला बसवून मीच कार्ट फिरवली. १५-२० मिनिटं ठीक, मग पाण्याच्या टाकीजवळच्या चढावर तेच. या वेळी काहीच खोललं नाही, फक्त टाकीचं झाकण फिरवलं. फुस्स करून हवा आत गेली. वाटी भरेपर्यंत थांबलो, पेडल दाबलं, गाडी चालू. झाकणाखाली पन्नी होती, चांगली दोन पदरी, रबर लावून.

तेलाच्या पिप्याला एकच भोक पाडलं तर तेल अडून अडून पडते, म्हणून आपण दुसरं भोक हवेसाठी पाडतो. कार्टच्या झाकणात ते दुसरं भोक असते. पन्नीने ते बुजलं. जेवढं पेट्रोल जाते तेवढी हवा आत येत नाही, टाकी उलटी ओढ धरते, आणि शेवटी पंप हरतो. थोडा वेळ उभी राहिली की हवा कुठून तरी झिरपते आणि गाडी पुन्हा चालू होते, म्हणून सगळ्यांना वाटते की इंजिन तापलं. दुसऱ्या फेरीत मलाही क्षणभर ठिणगीसाठी वीज देणाऱ्या कॉइलचाच संशय आला होता.

ड्रायव्हर म्हणाला, "भाऊ, गाडी धुताना पाणी आत जाते म्हणून म्या लावली." त्याला बोलू नका. पाण्यापासून वाचवायलाच लावली होती, आणि दोनदा गाडी हाती घेऊन झाकण न उघडणारा मेकॅनिक मी आहे. फक्त त्याला एवढं सांगा की झाकण उघडताना बिडी लांब ठेवायची. रविवारी त्याच्या कानामागे होती.

बॅटरी उतरली ती पेडल दाबून दाबून. या गाडीला पेडल दाबलं की स्टार्टर फिरतो. पेट्रोल नसताना माणूस दाबतच राहिला तर बॅटरी किती टिकेल? तिचे पैसे मी देणार नाही, पण चार्ज फुकट करून देतो. धरली नाही तर मग बोलू.

पंपाचे १,८५० रुपये आज परत पाठवतो. नवा पंप गाडीतच राहू द्या, जुना मी आणून देतो, तो स्पेअर ठेवा. टाकीतून पंपापर्यंतची नळी मात्र बदलावी लागेल, बोटाने दाबली की भेगा दिसतात. तिथून पेट्रोल गळताना दिसणार नाही, कारण पंप तिकडून ओढतो. गळायच्या ऐवजी हवा आत घेते आणि पुन्हा हाच त्रास होईल. नळीचे पैसे लागतील, मजुरी नाही.

मंगळवारी कोर बंद असतो, तुमच्याकडे गर्दी कमी राहील, तेव्हा सकाळी येतो. टाकी भरून ठेवू नका, खाली करावी लागेल. या वेळी बाटली आणत नाही.