पेशी मेली म्हणजे जंतू जिंकला का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार, एवढी सविस्तर कमेंट लिहिल्याबद्दल मनापासून आभार. बाकीच्यांसाठी आक्षेप थोडक्यात सांगतो: पेशी फुगून फुटते त्या मरणाला, म्हणजे पायरोप्टोसिसला, मी शरीराचा बचाव म्हटलं, तुमचं म्हणणं असं की मॅक्रोफेज (जंतू गिळणारी रोगप्रतिकारक पेशी) फुटली की आतले बॅक्टेरिया मोकळे होतात, शिगेला (आमांशाचा जंतू) मॅक्रोफेज मारतो हे तर 1992 पासून माहितीये, मग हा जंतूचाच विजय, त्याला बचावाचा मुलामा कशाला. शिवाय सेप्सिसमध्ये, म्हणजे जंतुसंसर्गाला शरीराची प्रतिक्रिया बेताबाहेर जाते तेव्हा, हेच मरण जीव घेतं असंही तुम्ही लिहिलंय.

शिगेलाच घेऊ, कारण माझा मुद्दा तिथेच सगळ्यात पक्का आहे. हा जंतू सुईसारख्या यंत्रणेने पेशीत आपली प्रोटीन्स टोचतो. त्या सुईचं प्रोटीन पेशीच्या आत आलं की एनएआयपी नावाचं प्रोटीन त्याला चिकटतं, मग एनएलआरसी4 या दुसऱ्या प्रोटीनचे दहाएक रेणू एकाला एक जोडले जाऊन चाक तयार होतं, ते कॅस्पेज-1 ला (प्रोटीन कापणाऱ्या एन्झाइमला) जागं करतं आणि कॅस्पेज-1 गॅसडर्मिन डी नावाच्या प्रोटीनला मधोमध कापतं, ज्याचा एक तुकडा जाऊन पेशीच्या आवरणात आतून भोकं पाडतो. आता बघा, उंदरांना शिगेला तोंडावाटे दिला तर सहसा त्यांना काही होत नाही. पण 2020 साली एनएआयपी-एनएलआरसी4 नसलेल्या उंदरांना तोच जंतू दिला तेव्हा त्यांना जुलाब लागले, आतड्याला सूज आली! एरवी आतड्याच्या अस्तरातली बाधित पेशी मरते आणि जंतूसकट बाहेर ढकलली जाते. ती सोय काढून घेतली आणि मग जंतू जिंकला.

माणसात शिगेला का जमतो तेही यातच आहे. तो एका प्रोटीनने माणसाच्या पेशीतलं कॅस्पेज-4 (हेही गॅसडर्मिन डी कापतं) निकामी करतो आणि दुसऱ्याने माणसाचं गॅसडर्मिन डी मोडीत काढायला लावतो. पेशीचं मरण त्याच्या फायद्याचंच असतं तर ते थांबवायला एवढी हत्यारं बाळगून तो कशाला बसला असता? मॅक्रोफेजमधून सुटून तो शेजारच्या आतड्याच्या पेशींत घुसतो हे तुमचं बरोबर आहे, पण तिथे घुसल्यावर तो त्या पेशीला जिवंत ठेवायला धडपडतो, हे तुमच्या कमेंटमध्ये आलंच नाही.

आणि "मोकळे होतात" याबद्दल. गॅसडर्मिनचं भोक साधारण 20 नॅनोमीटरचं. इंटरल्युकिन-1 बीटा, म्हणजे सूज आणणारं निरोप्या प्रोटीन, त्यातून आरामात बाहेर पडतं, पण हजार नॅनोमीटरच्या आसपासचा बॅक्टेरिया कसा पडणार? साल्मोनेला या दुसऱ्या जंतूवरच्या, उंदरांमधल्या प्रयोगांत दिसलं की बरेचसे जंतू मेलेल्या पेशीच्या सांगाड्यातच अडकून राहतात, मग न्यूट्रोफिल (जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी) येतात आणि सांगाड्यासकट त्यांना गिळतात. बरं, शेवटचं फुटणंसुद्धा नुसतं पाणी शिरून आपोआप होत नाही, त्यासाठी निंजुरिन-1 नावाचं प्रोटीन लागतं हे 2021 मध्ये कळलं. म्हणजे सुरुवातीपासून शेवटपर्यंत पेशीची स्वतःची प्रोटीन्स हे काम करतात. मला तर हे वाचताना अजूनही थक्क व्हायला होतं.

सेप्सिसचा तुमचा मुद्दा मात्र शंभर टक्के मान्य. ग्राम-निगेटिव्ह जंतूंच्या (शिगेला, साल्मोनेला याच गटातले) आवरणातला एलपीएस नावाचा पदार्थ पेशीच्या आत सापडला की उंदरात कॅस्पेज-11 आणि माणसात कॅस्पेज-4 व 5 थेट त्याला चिकटतात आणि पुढे तेच गॅसडर्मिन. हे सगळ्या शरीरभर एकदम झालं तर जीव जातो, आणि कॅस्पेज-11 किंवा गॅसडर्मिन डी नसलेले उंदीर एरवी जीवघेण्या ठरणाऱ्या एलपीएसच्या डोसमधूनही वाचतात. यावरून तुम्ही "मग हे बंदच करणारं औषध द्यावं" असं लिहिलंय. पण त्या प्रयोगांत नुसतं एलपीएस टोचलं होतं, जिवंत जंतू नव्हते. खऱ्या पेशंटच्या अंगात जंतू जिवंत असतात, वाढत असतात, तिथे गॅसडर्मिन कधी आणि किती रोखायचं हा प्रश्न अजून सुटलेला नाही.