नाइट लाइट दिवसभर लावून डोळे दुखायचे थांबत नाहीत

घरच्या, सोसायटीच्या आणि ऑफिसच्या अशा तिन्ही ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. स्क्रीनमधला निळा प्रकाश डोळ्यांचा पडदा जाळतो, असं त्यात ठासून सांगितलंय आणि पुढे उपाय दिलेत. नाइट लाइट, म्हणजे स्क्रीन पिवळसर करणारी सेटिंग, चोवीस तास चालू ठेवा, ब्राइटनेस कमीत कमी करा, सगळीकडे काळ्या पार्श्वभूमीचा डार्क मोड लावा, रिफ्रेश रेट (सेकंदाला चित्र किती वेळा नव्याने उमटतं तो आकडा) ७५ च्या वर न्या आणि निळा प्रकाश अडवणाऱ्या ब्लू-कट काचांचा चष्मा घ्या. खाली नेहमीचे जोडलेले हात आणि ‘सर्वांना पाठवा’.

तक्रार खरी आहे. दिवसभर स्क्रीनसमोर बसणाऱ्याचे संध्याकाळी डोळे चुरचुरतात, जड होतात, कपाळ ठणकतं. पण मेसेजचा सगळा प्रकार आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी असा आहे. पाचांतले दोन उपाय तर बऱ्याच जणांचा त्रास वाढवतील.

आधी पडदा जळण्याबद्दल. या भीतीला मोठी हवा मिळाली ती अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठाच्या २०१८ मधल्या एका संशोधनाने. रेटिनल नावाचा रेणू आणि निळा प्रकाश एकत्र आले की पेशी मरतात, असं त्यात दिसलं होतं. बातम्यांत त्याचं ‘मोबाइलमुळे आंधळेपण’ झालं. प्रत्यक्षात त्या पेशी डोळ्याच्या पडद्यातल्या नव्हत्याच. त्या प्रयोगशाळेत वाढवलेल्या दुसऱ्याच पेशी होत्या. अमेरिकन अकॅडमी ऑफ ऑप्थॅल्मॉलॉजी या नेत्रतज्ज्ञांच्या संघटनेने तेव्हा हे स्पष्ट केलं होतं. स्क्रीनच्या प्रकाशाने डोळ्याला इजा होते याचा पुरावा नाही, अशी तिची भूमिका आहे. साध्या लॅपटॉपची पांढरी स्क्रीन पूर्ण ब्राइटनेसला २५० ते ३०० निट्सच्या (निट हे उजळपणाचं माप) आसपास असते, तर दुपारचं मोकळं आकाश काही हजार निट्सचं. निळ्या प्रकाशाला एवढं घाबरायचं तर आधी गच्चीवर जाणं बंद करावं लागेल.

मग नाइट लाइटचं काय? रात्री पिवळसर स्क्रीन बरी वाटत असेल तर खुशाल लावा, तोटा काही नाही. झोपेसाठी मात्र त्यावर फार भरवसा नको. ब्रिगहॅम यंग विद्यापीठाने २०२१ मध्ये १६७ तरुणांवर अभ्यास केला. काहींच्या आयफोनवर नाइट शिफ्ट (आयफोनमधलं नाइट लाइट) चालू, काहींच्या बंद, तर काहींना झोपण्याआधी फोनच नाही. तिन्ही गटांच्या झोपेत एकंदर फरक दिसला नाही. आणि भर दिवसा ऑफिसात पिवळी स्क्रीन ठेवून एवढंच होतं, की पाठवलेल्या फोटोचे रंग समोरच्याला वेगळे दिसतात.

ब्राइटनेसचा सल्ला मला सगळ्यात घातक वाटतो, कारण तो ऐकायला शहाणपणाचा वाटतो. डोळ्याला त्रास होतो तो स्क्रीन आणि आजूबाजूच्या उजेडात फार तफावत असली की. अंधाऱ्या खोलीत झगझगीत स्क्रीन जशी टोचते, तशीच उजेडाच्या ऑफिसात मंद केलेली स्क्रीन डोळ्यांना राबवते. पाठीमागे खिडकी, वर ट्यूबलाइट, दोन्हींचं प्रतिबिंब काचेवर आणि त्याखाली पुसट अक्षरं. माणूस नकळत पुढे झुकतो, डोळे बारीक करतो, आणि दुपारपर्यंत कपाळ धरून बसतो. यात आणखी एक मेख आहे. बऱ्याच स्क्रीन मंद होतात त्या दिवा खरोखर बारीक करून नव्हे, तर तो प्रचंड वेगाने चालू-बंद करून. ब्राइटनेस जितका खाली, तितका ‘बंद’चा वाटा जास्त. ही लुकलुक डोळ्यांना दिसत नाही, पण काहींचं डोकं तिने दुखतं. असा माणूस मेसेज वाचून ब्राइटनेस तळाला नेणार आणि आणखी हैराण होणार.

करायचं ते सोपं आहे. स्क्रीनशेजारी कोरा पांढरा कागद धरा. स्क्रीनवरचं पांढरं पान त्यापुढे दिव्यासारखं झगझगत असेल तर ब्राइटनेस उतरवा, मळकट दिसत असेल तर चढवा. सकाळी आणि रात्री आकडा वेगळाच येणार. जमलं तर टेबल असं फिरवा की खिडकी बाजूला येईल, समोर किंवा पाठीमागे नाही. रात्री स्क्रीनच्या मागे एखादा दिवा असू द्या.

डार्क मोड दिसतो छान, हे मान्य. ओलेड, म्हणजे काळ्या जागी प्रकाशच न देणाऱ्या, स्क्रीनच्या फोनची बॅटरीही वाचते. वाचनाची गोष्ट वेगळी. जर्मनीत ड्युसेलडॉर्फच्या संशोधकांनी २०१३ च्या सुमारास दाखवलं की पांढऱ्यावर काळी अक्षरं बारकाईने वाचायला सोपी जातात. पार्श्वभूमी उजळ असली की बाहुली आकसते आणि पडद्यावर प्रतिमा रेखीव पडते. काळ्या पार्श्वभूमीवर बाहुली मोठी होते आणि डोळ्यातले बारीकसारीक दोष उघडे पडतात. सिलिंड्रिकल नंबर असणाऱ्यांना पांढरी अक्षरं फुटल्यासारखी दिसतात ती यामुळेच. मोतीबिंदूने दृष्टी धूसर झालेल्यांना मात्र काळी पार्श्वभूमी बरी पडू शकते, कारण त्यांच्या डोळ्यात उजेड विखुरतो. म्हणजे हा ज्याच्या त्याच्या डोळ्याचा प्रश्न आहे, ‘सगळीकडे लावा’ म्हणण्यातला नाही.

रिफ्रेश रेटचा मुद्दा जुन्या डब्यासारख्या मॉनिटरच्या जमान्यातला आहे. त्यांचं चित्र ६० हर्ट्झला खरोखर लुकलुकायचं आणि ७५ किंवा ८५ केल्यावर थांबायचं. आजच्या चपट्या एलसीडी स्क्रीनमध्ये मागचा दिवा आणि रिफ्रेश रेट यांचा तसा संबंध नाही.

ज्या सेटिंगने सगळ्यात जास्त फरक पडतो, ती या मेसेजमध्ये नाहीच: अक्षरांचा आकार. २४ इंची फुल एचडी मॉनिटरवर एका इंचात साधारण ९२ पिक्सेल मावतात, १५.६ इंची फुल एचडी लॅपटॉपवर १४१. स्केलिंग, म्हणजे अक्षरं-चित्रं किती मोठी दाखवायची ती सेटिंग, १०० टक्के ठेवलं तर लॅपटॉपवर तेच अक्षर जेमतेम दोन-तृतीयांश आकाराचं उमटतं. त्यात आपली देवनागरी. अनुस्वार, रफार, ‘त्र’ आणि ‘द्ध’सारखी जोडाक्षरं इंग्रजीच्या मापाने बसवलेल्या आकारात चिकटून जातात. विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले असं जाऊन स्केल १२५ किंवा १५० टक्के करा, ब्राउझरमध्ये कंट्रोल आणि अधिकचं बटण दाबा. रेझोल्यूशन, म्हणजे स्क्रीनच्या पिक्सेलची संख्या, कमी करून अक्षरं मोठी करू नका, ती धुरकट होतात.

चुरचुरण्याचं कारण तर कुठल्याच सेटिंगमध्ये नाही. एरवी आपण मिनिटाला पंधरा-वीस वेळा पापण्या मिटतो. स्क्रीनकडे टक लावली की हे प्रमाण निम्म्यावर किंवा त्याहून खाली येतं. समोरून एसीचा झोत असेल तर डोळे सुकलेच म्हणून समजा. मॉनिटरची वरची कड नजरेच्या किंचित खाली ठेवली की पापणी डोळ्याचा जास्त भाग झाकते आणि तो कमी सुकतो. अधूनमधून लांब बघणं आणि मुद्दाम पापण्या मिटणं, याला एक पैसाही लागत नाही.

राहिला चष्मा. कॉक्रेन या संस्थेने २०२३ मध्ये १७ चाचण्यांचा आढावा घेतला. ब्लू-कट काचांनी संगणकामुळे येणारा डोळ्यांचा ताण कमी होतो, असं त्यातून निघालं नाही. ब्रिटनमध्ये बूट्स ऑप्टिशियन्सला अशाच काचांच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल तिथल्या जनरल ऑप्टिकल कौन्सिलने २०१७ मध्ये ४० हजार पौंडांचा दंड केला. दुकानदाराने काउंटरवर निळ्या लेझरची टॉर्च काचेवर मारून दाखवली, तरी त्यातून काच निळा किरण अडवते एवढंच कळतं.

चष्म्याने फरक पडतो तो नंबर बरोबर असेल तर. चाळिशीचा चष्मा पुस्तकाच्या अंतराचा, सुमारे ४० सेंटीमीटरचा असतो. मॉनिटर असतो ६०-६५ वर. प्रोग्रेसिव्ह, म्हणजे एकाच काचेत लांबचा आणि जवळचा नंबर असलेल्या, चष्म्यात जवळचा नंबर तळाला, म्हणून माणूस हनुवटी वर करून स्क्रीन वाचतो आणि डोळ्यांबरोबर मानही धरते. अशांनी मॉनिटर आणखी खाली घ्यावा, नाहीतर मधल्या अंतराचा वेगळा चष्मा करावा. डोळे तपासायला जाताना नेहमीच्या खुर्चीत बसून डोळ्यापासून स्क्रीनपर्यंतचं अंतर टेपने मोजून न्या. तो नंबर त्या आकड्यावरून निघतो.