मागच्या पायावर वजन टाकू नका! इलेक्ट्रिक स्केटबोर्डच्या वॉबलवर फिरणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

घरच्या ग्रुपवर परवा भाच्यानं एक फॉरवर्ड टाकला आणि खाली लिहिलं, "मावशी, उद्या करून बघतो." भाचा कॅलिफोर्नियात डेव्हिसला शिकतो, कॉलेजला इलेक्ट्रिक स्केटबोर्डवर जातो. मीही इथं बोर्डवरच स्टेशन गाठते. त्यामुळे ते वाचल्यावर हातातलं काम टाकून आधी त्याला फोन लावला. नंतर तोच मजकूर आणखी दोन ग्रुपांवर दिसला, म्हणून आता सविस्तर लिहिते.

फॉरवर्डचं म्हणणं असं: वेगात बोर्ड डावी-उजवीकडे लटपटायला लागला, म्हणजे स्पीड वॉबल आला, की (१) वजन मागच्या पायावर घ्या, (२) थ्रॉटल, म्हणजे रिमोटवरून मोटरला दिलेला वेग, वाढवा, वेगात बोर्ड आपोआप सरळ होतो, (३) तरी थांबला नाही तर उडी मारून धावत थांबा, (४) घरी येऊन ट्रकचा, म्हणजे बोर्डाखाली चाकं धरून ठेवणाऱ्या धातूच्या भागाचा, नट शेवटपर्यंत आवळा, (५) महागड्या, जड बोर्डला वॉबल येतच नाही.

यातला पहिला सल्ला सगळ्यात घातक. भीती वाटली की माणूस आपोआप मागे रेलतो, त्यामुळे तो वाचणाऱ्याला पटतोसुद्धा. पण बोर्डाखाली काय चाललंय ते बघा. स्केटबोर्डचे दोन्ही ट्रक वळतात. तुम्ही डावीकडे झुकलात की पुढची चाकं डावीकडे वळतात आणि मागची उजवीकडे. वजन मागे गेलं की बोर्डाचं वळणं मागच्या ट्रकच्या ताब्यात जातं. गाडी रिव्हर्समध्ये जोरात पळवताना स्टिअरिंग जरा हललं तरी गाडी कशी भरकटते, तेच इथं तुमच्या पायाखाली होतं. शिवाय पुढची चाकं हलकी पडतात, त्यांची रस्त्यावरची पकड कमी होते.

हे काही माझ्या मनचं नाही. बुडापेस्टच्या तंत्र विद्यापीठातल्या आणि ब्रिस्टल विद्यापीठातल्या संशोधकांनी 'जर्नल ऑफ द रॉयल सोसायटी इंटरफेस' या नियतकालिकात २०१६ साली नेमका याच विषयावर शोधनिबंध छापला. बोर्ड आणि वर उभा माणूस यांचं गणिती प्रारूप त्यांनी मांडलं आणि त्यात माणसाच्या प्रतिक्रियेला लागणारा उशीरही धरला. सगळी मेख त्या उशिरात आहे. बोर्ड डावीकडे कलला हे पायाला कळून घोटा उजवीकडे जोर लावेपर्यंत बोर्ड स्वतःच उजवीकडे निघालेला असतो. सावरायला लावलेला जोर वॉबललाच हातभार लावतो. जितका वेग जास्त, तितका हा उशीर कमी खपतो. आणि त्यांच्या गणितातून हेही निघालं की बोर्डाच्या मध्यापासून पुढे उभं राहिलं तर फायदा होतो, हा उशीर जास्त पचतो. फॉरवर्ड नेमकं याच्या उलट सांगतोय!

म्हणून वॉबल जाणवला की गुडघे वाकवायचे, खाली बसल्यासारखं व्हायचं, निम्म्याहून बरंच जास्त वजन पुढच्या पायावर आणायचं आणि घोटे सैल सोडायचे. प्रत्येक झटक्याला उलटा झटका द्यायला जायचं नाही. रस्ता मोकळा असेल तर एका कडेवर झुकून सलग लांब वळण घेतलं तरी बुशिंग, म्हणजे ट्रकमधला रबरासारखा गोळा, दाबलं जातं आणि थरथर मोडते.

थ्रॉटल वाढवण्याबद्दल वेगळं काय सांगू? ज्या वेगानं वॉबल आला तोच वाढवायचा, आणि वेग घेताना अंग मागे फेकलं जातं म्हणजे वजन पुन्हा मागच्या ट्रकवर. हळूहळू थ्रॉटल सोडा, पुढचा पाय रोवून हलक्या हातानं ब्रेक लावा. रिमोटवर एकदम ब्रेक दाबलात तर बोर्ड मागे राहील आणि तुम्ही पुढे जाल.

"उडी मारून धावत थांबा" हे लिहिणाऱ्यानं एकदा तरी विचार करायला हवा होता. त्याच फॉरवर्डमध्ये वर ताशी ४५ किलोमीटरच्या गप्पा आहेत. उसेन बोल्ट २००९ मध्ये बर्लिनला १०० मीटरचा विश्वविक्रम करताना अगदी भरात ताशी ४४ किलोमीटरच्या आसपास पोचला होता. बोर्डवरून उतरून तो वेग पायांवर पेलायचा, तोही पाठीवर लॅपटॉपची बॅग घेऊन? पळण्याच्या वेगात असाल तर उतरा. त्याच्या वर नाही.

नटाच्या मुद्द्यात तथ्य आहे, हे मान्य करावं लागेल. ट्रक फार ढिला असेल तर नट थोडा आवळल्यानं फरक पडतो. पण शेवटपर्यंत? भाच्याला व्हिडिओ कॉलवर ट्रक उलटा करून दाखवायला लावला. पठ्ठ्यानं आधीच आवळला होता. वॉशर बुशिंगमध्ये रुतला होता, रबरासारखा तो युरेथेनचा गोळा दोन्ही बाजूंनी फुगून बाहेर आला होता आणि काठावर चीर पडली होती. असा ट्रक धड वळत नाही, आणि ते बुशिंग कधी फाटेल सांगता येत नाही. बोर्डाबरोबर आलेलं बुशिंग पंचावन्न किलोच्या माणसाला आणि पंचाण्णव किलोच्या माणसाला एकच असतं, मूळ अडचण ती आहे. आपल्या वजनाप्रमाणे कडक बुशिंग घ्या आणि मागचं पुढच्यापेक्षा जास्त कडक ठेवा. त्याच वेळी चाक हातानं आडवं हलवून बघा. खुळखुळत असेल तर बेअरिंग आणि ॲक्सलचा नट तपासा. ट्रकचं टोक ज्या छोट्या कपात बसतं तो झिजला असेल तर तोही बदला.

महाग बोर्डाचं म्हणाल तर लांब व्हीलबेसचा, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधल्या जास्त अंतराचा, उपयोग होतो, किमतीचा नाही.

आणि कॅलिफोर्नियातल्या सगळ्यांसाठी: इथल्या कायद्यानं इलेक्ट्रिक बोर्डला रस्त्यावर आणि सायकलमार्गावर ताशी १५ मैल, म्हणजे साधारण २४ किलोमीटर, एवढीच मुभा आहे. चालवणारा किमान १६ वर्षांचा हवा आणि हेल्मेट सगळ्यांना सक्तीचं. भाच्याला नवीन बुशिंग मागवून दिली आहेत. ती बसेपर्यंत तो सायकलनं कॉलेजला जाईल, असं त्याच्या आईसमोर कबूल करून घेतलं आहे.